वारस नसलेली थडगी, थडगी नसलेले वारस

नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा महिना. २ नोव्हेंबरला दफनभूमीतील मिस्साबलिदान आटोपले की थडग्यांवर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात आणि धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडत रांगांमधून फिरतात. त्या गर्दीत दरवर्षी काही माणसे अशी दिसतात की त्यांच्या हाती फुले असतात, परंतु ती कोणत्या थडग्यावर वाहावीत हे त्यांना ठाऊक नसते. अखेरीस ती मधल्या मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी फुले ठेवतात आणि परततात.

शीळफाट्याजवळच्या एका गृहसंकुलात राहणारे असेच एक वृद्ध गृहस्थ काही काळापूर्वी आपल्या नातवासह आमच्याकडे आले. त्यांचे वडील रेल्वेत नोकरीला होते व कल्याणला राहत. १९५२ साली ते आजारपणात वारले, तेव्हा हे गृहस्थ अवघे चार वर्षांचे होते. विधवा आई मुलाला घेऊन वसईकडील आपल्या माहेरी परतली. ‘तुझ्या बाबांना तिकडेच माती दिली,’ एवढेच ती सांगत असे. ‘तिकडे’ म्हणजे नेमके कोठे, हे विचारण्याचे त्या मुलाला सुचले नाही आणि सुचले तेव्हा सांगणारी उरली नव्हती.

नातवाने आजोबांसाठी इंटरनेटवर शोध घेतला. थडग्यांची छायाचित्रे देणाऱ्या एका संकेतस्थळावर त्याला पणजोबांचे नाव, आडनाव आणि तेच वर्ष कोरलेली शिला सापडली. ती मुंबईतील एका दफनभूमीतील होती. सलग दोन वर्षे हे कुटुंब शीळफाट्याहून मुंबईला जाऊन त्या शिलेवर फुले वाहत होते. आता त्या थडग्याची डागडुजी करावयाची होती आणि त्यासाठी नाते सिद्ध करणारा कागद हवा होता. तेवढ्यासाठीच ते आमच्याकडे आले होते.

तो कागद शोधताना काय निष्पन्न झाले ते पुढे सांगूच. परंतु हा प्रश्न एका कुटुंबाचा नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या हजारो कुटुंबांचा तो आहे, आणि त्याचा विचार आताच केला नाही तर पुढच्या पिढीला तो करताही येणार नाही, असे आम्हाला वाटते.

फाट्यावरची माणसे

फाटा म्हणजे रस्ता फुटण्याची जागा. मुंब्र्याकडून येणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याण-डोंबिवलीहून येणारा रस्ता आणि महापे व पनवेलकडे जाणाऱ्या वाटा शीळफाट्याच्या परिसरात एकमेकींना भेटतात. पारसिकच्या डोंगराच्या या बाजूला पूर्वी गावे आणि शेते होती. आज तेथे मजल्यांवर मजले चढत आहेत. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा सुमारे २१ किलोमीटरचा बोगदा, ज्याचा सात किलोमीटर भाग ठाणे खाडीखालून जातो, तो शीळफाट्याशीच जमिनीवर येणार आहे. जमिनीचा भाव वाढला की सर्वांत आधी जागा अपुरी पडते ती मृतांना, हा सर्व महानगरांचा अनुभव आहे.

या इमारतींतून राहणारे कॅथलिक कुटुंब मूळचे येथले क्वचितच असते. कोणी वसईहून आले, कोणी साष्टीच्या गावठाणांतून, कोणी गोव्याहून, मंगळूरहून किंवा केरळातून. कोणाचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमधील, खेड्यातून मुंबईला कामासाठी आले. कल्याणला आगगाडी १८५४ साली पोहोचली, आणि तेव्हापासून रेल्वेच्या नोकरीसाठी या भागात माणसे येत राहिली. एकाच घरातील एका व्यक्तीचा स्नानसंस्कार वसईस, विवाह नगरकडे, मृत्यू डोंबिवलीस आणि दफन कल्याणला, असे आता सर्रास घडते. कुटुंबाच्या शाखा जेथे जेथे फुटल्या, तेथे तेथे त्याचे मृतही मागे राहिले.

दगड आहेत, माणसे नाहीत

वसईच्या किल्ल्यात गेलेल्यांनी फ्रान्सिस्कन संघाच्या भग्न चर्चमधील फरशी पाहिली असेल. छप्पर केव्हाच गेले आहे. परंतु पायांखाली पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या थडग्यांच्या शिला अद्याप आहेत. डॉ. जेर्सन दा कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या पुरावशेषांवरील आपल्या १८७६ सालच्या इंग्रजी ग्रंथात अशा लेखांची नोंद घेतली. ‘हे थडगे अमक्याचे आणि त्याच्या वारसांचे’ अशा अर्थाची शब्दयोजना त्या काळच्या पोर्तुगीज थडग्यांवर वारंवार आढळते. कोरणाऱ्याला खात्री होती की वारस येथेच राहतील आणि याच दगडाखाली विसावतील.

१५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे आली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. किल्ल्यातील पोर्तुगीज घराणी निघून गेली. आज त्या शिलांपाशी ‘हा माझा पूर्वज’ असे म्हणणारा कोणी येत नाही. दगड आहेत, वारस नाहीत.

किल्ल्याबाहेरच्या गावांत याच्या नेमके उलट आहे. तेथील कुपारी, वाडवळ, कोळी अशा ख्रिस्ती समाजांतील कुटुंबे शतकानुशतके त्याच मातीत नांदत आली. परंतु त्यांच्या पाच-सहा पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजांचा दगड दाखवा म्हटले तर बहुतेकांना दाखवता येणार नाही. वारस आहेत, दगड नाहीत.

याची कारणे समजण्याजोगी आहेत. गरिबाच्या थडग्यावर मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस असे; चार पावसाळ्यांत दोन्ही नाहीसे होत. नगरकडील खेड्यांतील ख्रिस्ती वस्त्यांतही हीच रीत होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. अशा दिवसांत मृतांना माती मिळाली हेच पुष्कळ, शिला कोण कोरणार? प्लेगच्या काळात मुंबईच्या गावठाणांतून उभारलेले क्रूस आजही पाहावयास मिळतात. ते एका माणसाचे स्मारक नसून साऱ्या वस्तीचे आहे. परंतु त्यावर मृतांची नावे नाहीत.

आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे जागेची टंचाई. शहरातील धर्मग्रामांच्या दफनभूमीत कायम मालकीची थडगी थोडी असतात. बाकीच्या जागा ठरावीक वर्षांनी पुन्हा उघडल्या जातात. अस्थी भिंतीतील कोनाड्यात, ज्याला आपण ‘निच’ म्हणतो, किंवा सामायिक अस्थिकूपात ठेवल्या जातात, आणि त्या जागी दुसऱ्या भाविकाला माती दिली जाते. यात गैर काही नाही. ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासाचा आरंभीचा एक अध्याय हलवलेल्या अस्थींचाच आहे. १३२१ सालच्या एप्रिल महिन्यात ठाणे येथे तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सहकारी हुतात्मे झाले. जॉर्डानस या डोमिनिकन धर्मगुरूंनी त्यांचे देह मिळवून सोपारा येथे पुरले आणि काही वर्षांनी फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक यांनी त्यांच्या अस्थी उकरून चीनमधील झैतून बंदरापर्यंत नेल्या. थडगे सोपाऱ्यात राहिले नाही, तरी सातशे वर्षांनंतरही त्यांची नावे आपणास ठाऊक आहेत. याचे कारण एकच: ती कोणीतरी लिहून ठेवली.

पडद्यावरची दफनभूमी

गेल्या तीस वर्षांत लिहून ठेवण्याचे एक नवे साधन हाती आले. ‘फाइंड अ ग्रेव्ह’ हे संकेतस्थळ जिम टिप्टन या अमेरिकन गृहस्थाने १९९५ साली सुरू केले. आरंभी ते नामांकित व्यक्तींच्या थडग्यांपुरते होते. पुढे सामान्य माणसांच्याही नोंदी होऊ लागल्या. २०१३ साली ते वंशावळींचा व्यवसाय करणाऱ्या ‘अँसेस्ट्री’ या कंपनीने विकत घेतले. २०११ पासून ‘बिलियनग्रेव्ह्ज’ हे दुसरे संकेतस्थळ छायाचित्राबरोबर थडग्याचे नकाशावरील स्थानही नोंदवते. भारताविषयी बोलावयाचे तर ब्रिटिशकालीन युरोपीय थडग्यांसाठी १९७६ साली ‘बॅक्सा’ ही संस्था इंग्लंडमध्ये स्थापन झाली आणि १९९८ पासून ‘फिबिस’ ही संस्था ब्रिटिश भारतातील कुटुंबांच्या नोंदी जमवते.

हे काम बहुतांशी स्वयंसेवकांचे आहे. कोणीतरी अनोळखी माणूस भर उन्हात दफनभूमीत फिरतो, गवत बाजूला सारतो, अक्षरे वाचतो आणि ती जगासमोर ठेवतो. टोरांटोत किंवा मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्या नातीला आजीचे थडगे घरबसल्या दिसते. मृतांना पुरणे हे दयेचे कार्य असेल, तर त्यांची नावे पुसली जाऊ न देणे हेही त्याच जातीचे कार्य आहे. २०२० साली, साथीच्या त्या कठीण दिवसांत, अनेक कुटुंबांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही झाले नाही. त्यांच्यापैकी काहींना आज भेट देण्याजोगी एकच जागा आहे, ती म्हणजे पडद्यावरचे स्मृतिपान.

तथापि या साधनाच्या मर्यादा आपल्या समाजाच्या बाबतीत अधिक जाचक आहेत, हे ओळखले पाहिजे. पहिली गोष्ट, ज्याला दगड नाही त्याचे छायाचित्र नाही. म्हणजे जो धनिक होता, इंग्रजी शिकलेला होता किंवा युरोपीय होता, तो पडद्यावर आहे. ज्याच्या नावे मातीचा उंचवटा होता तो तेथेही नाही. मराठी अक्षरांतील शिला त्या संकेतस्थळांच्या इंग्रजी शोधात सहसा सापडत नाहीत, हा दुसरा अडथळा.

तिसरी अडचण आपल्या नावांची. पोर्तुगीज काळात स्नानसंस्काराच्या वेळी मिळालेली आडनावे रक्ताचे नाते सांगत नाहीत. डिसोजा, परेरा, लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज ही आडनावे वसईपासून मंगळूरपर्यंत परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो घरांत आहेत. नावे तर संतांची, म्हणजे मोजकी. त्यातून लेखनाचे प्रकार वेगळे, आणि घरात हाक मारावयाचे नाव आणखी वेगळे: कागदावर सेबॅस्टियन, गावात बस्त्याव, कागदावर इग्नेशियस, घरात इनास. गावातील माणसे म्हणूनच एखाद्याला आडनावाने ओळखत नसत; ती आळी, वाडी आणि घराण्याचे टोपणनाव सांगत. दगडावर मात्र आडनाव कोरले गेले आणि टोपणनाव कोरावयाचे राहिले. परिणामी नाव जुळले, वर्ष जुळले, एवढ्यावरून नाते जुळले असे मानणे आपल्याकडे फार धोक्याचे आहे. शिला हा दुवा आहे, पुरावा नव्हे. आणि शिलेचे छायाचित्र त्याहूनही कमी.

वही काय सांगते

पुरावा असतो तो वहीत. त्रेंतच्या परिषदेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा धर्मग्रामांना दिली आणि स्नानसंस्काराची नोंदही बंधनकारक केली. मृतांच्या नोंदीचा नमुना १६१४ च्या रोमन उपासनाविधी-ग्रंथाने घालून दिला. मृत्यूच्या वहीत केवळ नाव नसते. आईवडिलांचे किंवा पती-पत्नीचे नाव, वय, राहण्याचे ठिकाण, रुग्णाभ्यंग व अन्य संस्कार मिळाले की नाही, दफन कोठे झाले, आणि खाली धर्मगुरूंची सही असते. आजचा धर्मनियमसंग्रहही, त्याच्या ५३५ व्या नियमानुसार, प्रत्येक धर्मग्रामाने या वह्या ठेवाव्यात व जुन्या वह्या काळजीपूर्वक जपाव्यात असे सांगतो.

या व्यवस्थेत एक मोठी सोय आहे आणि एक मोठी उणीव. सोय अशी की स्नानसंस्काराच्या नोंदीच्या समासात पुढील आयुष्यातील संस्कार टिपले जातात: दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, व्रतग्रहण. विवाह कोठेही झाला तरी त्याची सूचना मूळ धर्मग्रामाकडे जाते. त्यामुळे एखाद्याचा स्नानसंस्कार कोठे झाला हे कळले की त्याच्या विवाहापर्यंत माग काढता येतो. उणीव अशी की या समासात मृत्यूची नोंद करण्याचे बंधन नाही. मृत्यूची नोंद जेथे दफन झाले तेथील वहीतच राहते. माणूस जोवर एकाच गावात जन्मत व मरत होता तोवर याने काही बिघडले नाही; दोन्ही वह्या एकाच कपाटात होत्या. परंतु जो शीळफाट्याला राहिला, ठाण्यात रुग्णालयात वारला आणि तिसऱ्याच ठिकाणी पुरला गेला, त्याचा माग विवाहापाशी तुटतो. आणि हा शेवटचा दुवा तुटला की कुटुंबे थडग्यांच्या छायाचित्रांकडे वळतात.

शोध घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धर्मप्रांतांच्या सीमा बदलल्या आहेत. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. नाशिक धर्मप्रांत, ज्यात नगरकडील धर्मग्रामे येतात, १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला. केरळीय सिरो-मलबार भाविकांसाठी कल्याण धर्मप्रांत १९८८ साली स्थापन झाला. १९१७ च्या धर्मनियमसंग्रहानुसार धर्मग्रामाने आपल्या वह्यांची प्रत दरवर्षी महागुरूस्वामींच्या कार्यालयाकडे धाडावयाची होती. तेव्हा गावची वही वाळवीने खाल्ली असे कळले तरी निराश होऊ नये. जुन्या धर्मप्रांताच्या दप्तरात विचारणा करून पाहावी.

सरकारी दप्तरही उपयोगी पडते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यातील जुनी दप्तरे तपासली जाऊ लागली, तेव्हा गाव नमुना १४ हे नाव घरोघरी पोहोचले. हीच ती कोतवालाकडील जन्ममृत्यूची नोंदवही. त्या दप्तरांत लाखो नोंदी सापडल्या. त्यामागील राजकारण बाजूला ठेवले तरी त्या शोधाने महाराष्ट्राला एक धडा शिकवला: पणजोबांचा कागद ही अडगळ नाही. गोव्यातील कुटुंबांना हे आधीच ठाऊक आहे, कारण तेथे नागरी नोंदणी १९१४ पासून चालत आली आहे आणि पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजोबांचा जन्मदाखला शोधणारे तरुण तेथे नित्याचे झाले आहेत. पूर्वजांचा शोध अशा रीतीने लाभासाठीही घेतला जातो. त्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण आमच्याकडे आलेल्या वृद्धाला दाखला नको होता, वडील हवे होते.

उघडे दप्तर की बंद कपाट?

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. वह्या इतक्या मोलाच्या असतील तर त्या इंटरनेटवर का ठेवू नयेत? जगातील वंशावळींचा सर्वांत मोठा संग्रह मॉर्मन पंथाच्या उताह येथील संस्थेचा आहे. तिने १९३८ पासून जगभरच्या नोंदींची सूक्ष्मचित्रे घेतली आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही चित्रित केल्या. परंतु त्या पंथात मृतांच्या वतीने बाप्तिस्मा घेण्याची प्रथा आहे. म्हणून ५ एप्रिल २००८ रोजी व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक विभागाने जगभरच्या महागुरूस्वामींना कळवले की धर्मग्रामाच्या वह्या त्या संस्थेला चित्रणासाठी देऊ नयेत.

हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. ज्यांनी आपला विश्वास जपत देह ठेवला, त्यांच्या नावांचे आपण विश्वस्त आहोत. शिवाय वह्यांत नाजूक मजकूर असतो: बापाचे नाव नसलेले मूल, लपवलेला आजार, आपल्या हाताने संपवलेले जीवन. तो चव्हाट्यावर आणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु दुसऱ्याला देऊ नका, याचा अर्थ आपणही काही करू नका, असा होत नाही. कपाट बंद करून किल्ली विसरणे म्हणजे विश्वस्तपण नव्हे. दमट हवा, वाळवी आणि २६ जुलै २००५ सारखा एखादा पाऊस यांना व्हॅटिकनचे पत्र वाचता येत नाही. बाहेरच्यांना वही द्यावयाची नसेल, तर तिची प्रत आपणच करून ठेवण्याची जबाबदारी दुप्पट होते.

ख्रिस्तसभेची या बाबतीतील दृष्टी अलीकडच्या दोन लेखांतून स्पष्ट दिसते. दहनाची मुभा १९६३ पासून आहे. २०१६ च्या सूचनापत्रात सांगितले गेले की अस्थी व रक्षा घरात ठेवू नये, विखरू नये, पवित्र स्थळी जपावी. त्यामागील एक कारण हे की पहिली पिढी सरल्यावर मृताचा विसर पडू नये. २०२३ च्या डिसेंबरमध्ये याहून पुढचे पाऊल पडले. अनेकांची रक्षा एकाच पवित्र ठिकाणी एकत्र ठेवता येईल असे मान्य झाले. मात्र प्रत्येकाची ओळख तेथे नमूद असावी, जेणेकरून नावांचे स्मरण हरपणार नाही. अर्थ उघड आहे. जागा सामायिक चालेल. नाव सामायिक चालणार नाही. जागेसाठी तहानलेल्या आपल्या शहरांना यापरते स्पष्ट मार्गदर्शन कोणते हवे?

आपण काय करावे

जे करावयाचे ते खर्चाचे नाही. कोणतेही थडगे पुन्हा उघडण्यापूर्वी दफनभूमीच्या व्यवस्थापनाने त्यावरील शिलेचे किंवा क्रुसाचे छायाचित्र घ्यावे आणि नाव एका कायम यादीत उतरवावे. अस्थिकूपाजवळ अशी यादी लावता आली तर उत्तम. निदान ती धर्मग्रामाच्या कार्यालयात मिळावी. जुन्या वह्यांची छायाचित्रे काढून एक प्रत धर्मग्रामात व एक धर्मप्रांताच्या दप्तरात राहावी, आणि वारसांना विचारल्यावर जुनी नोंद पाहता यावी.

दुसरी सूचना धर्मगुरू बांधवांना. बाहेरगावच्या भाविकाला माती दिल्यावर, विवाहाची सूचना जशी आपण त्याच्या स्नानसंस्काराच्या धर्मग्रामाकडे पाठवतो, तशीच मृत्यूचीही दोन ओळींची सूचना पाठवावी. नियमाचे बंधन नसले तरी मनाई मुळीच नाही. एवढ्याने तुटलेला दुवा सांधला जाईल.

तिसरी गोष्ट कुटुंबांनी करावयाची आहे. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. नाव, आईचे नाव, माहेरचे गाव, आळी, घराण्याचे टोपणनाव, कोणाला कोठे माती दिली आणि मृत्युपत्रिका कोठे ठेवली आहे, हे उतरवून घ्या. आजीच्या तोंडचे सारेच अचूक असेल असे नाही, परंतु दगडावर जे नाही ते तिच्यापाशीच असते.

आणि जे तरुण इंटरनेटवर स्मृतिपाने तयार करतात त्यांना विनंती अशी: शिलेचे छायाचित्र अपुरे घेऊ नका, शेवटच्या ओळीपर्यंत घ्या. माहिती कोठून मिळाली ते लिहा. खात्री नसेल तेथे तसे स्पष्ट म्हणा. हयात नातेवाइकांचे पत्ते आणि जन्मतारखा जगापुढे मांडू नका. एका पानावरची चूक दहा वंशवृक्षांत उतरते आणि मग ती उपटून काढणे कठीण होते.

फुले कोणाला पोहोचली?

आता त्या वृद्ध गृहस्थांविषयी. कल्याण परिसरातील एका धर्मग्रामाच्या मृत्यूच्या वहीत त्यांच्या वडिलांची नोंद मिळाली. नाव तेच, वर्ष तेच. पत्नीचे नाव त्यांच्या आईचे, मूळ गाव वसईकडचे आणि दफन त्याच धर्मग्रामाच्या भूमीत. नातू पुन्हा मुंबईच्या त्या थडग्याकडे गेला. छायाचित्रात शिलेची शेवटची ओळ गवताआड गेली होती. गवत काढल्यावर तेथे पत्नी म्हणून भलत्याच स्त्रीचे नाव निघाले. ज्याला ते दोन वर्षे फुले वाहत होते तो कोणी परका होता. खऱ्या वडिलांची जागा मात्र आज दाखवता येत नाही. सत्तर वर्षांत ती अनेकदा उघडली गेली आहे.

हे त्यांना सांगणे आम्हाला जड गेले. न सांगता त्या शिलेपाशी जाऊ दिले असते तर त्यांचे समाधान टिकले असते, असेही क्षणभर मनात आले. परंतु खोट्या थडग्यावरचे समाधान कोणाच्याही बापाला शोभणारे नाही. आम्ही वहीतील नोंद त्यांच्यापुढे ठेवली. आपल्या आईचे नाव त्यांनी बोट ठेवून वाचले. वडिलांना रुग्णाभ्यंग मिळाला होता हे वाचताना ते थांबले. मरणसमयी आपल्या बाबांजवळ कोणीतरी होते, हे त्यांना वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी प्रथमच कळत होते. दगडाने त्यांना एवढे कधीच सांगितले नसते.

मग त्यांनी विचारले, ‘फादर, दोन वर्षांची ती फुले कोणाला पोहोचली?’ आम्ही उत्तर देण्याच्या आधी तेच पुढे म्हणाले की त्या शिलेवर आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाची फुले आपण कधी पाहिली नाहीत. तेव्हा पाय चालतात तोवर तेथे जाणे सोडणार नाही.

त्यांच्या वडिलांचे नाव आता त्या धर्मग्रामाच्या मृतांच्या यादीत लिहिले गेले आहे. येत्या २ नोव्हेंबरच्या मिस्सात ते इतर नावांबरोबर वाचले जाईल. वाचकहो, त्या दिवशी तुमच्या दफनभूमीत जी नावे वाचली जातील, त्यांत तुमच्या घरातील कोणाचे राहून गेले आहे काय, हे त्याआधी आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसाला एकदा विचारा.